स्लॉटचा वेग आणि ग्राफिक्स कार्ड : पैसा नेमका कोठे घालावा?

संगणकाची जुळणी करून विकणारे आणि संगणकावर काम करून पोट भरणारे, असे दोन्ही प्रकारचे बांधव या पानाचे वाचक आहेत. पहिल्यांत सुट्या भागांचे दुकानदार आणि दुरुस्ती करणारे येतात. दुसऱ्यांत लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणारे, फ्लेक्स व लग्नपत्रिका तयार करणारे, भरतकामाच्या मशिनसाठी नक्षी पंच करणारे आणि फर्निचरचा नमुना गिऱ्हाइकाला पडद्यावर फिरवून दाखविणारे कारागीर येतात. या दोघांच्या व्यवहारात एक वाक्य हल्ली वारंवार ऐकू येते. "तुमचा स्लॉट जुन्या पिढीचा आहे, नवे कार्ड त्यात चालायचे नाही. मदरबोर्डच बदला."

हे वाक्य कधी खरे असते, पुष्कळदा अर्धेच खरे असते, आणि त्याची किंमत मोठी असते. कारण मदरबोर्ड एकटा बदलत नाही. त्याच्यामागे प्रोसेसर येतो, प्रोसेसरमागे नव्या जातीची रॅम येते, आणि पुष्कळदा एसएमपीएसही येतो. बारा-पंधरा हजारांच्या कार्डासाठी निघालेला माणूस चाळीस-पन्नास हजारांवर जाऊन थांबतो. लहान कारागिराची ही एका लग्नसराईची शिल्लक असते, आणि शिल्लक नसली की व्याजी हप्त्याचा फॉर्म काउंटरवर तयारच असतो. म्हणून स्लॉटच्या वेगाचा कार्डाच्या कामावर खरोखर किती परिणाम होतो, हे विकणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही समजून घेतले पाहिजे. विषय वाटतो तितका अवघड नाही. भागाकार-गुणाकार येणाऱ्या कोणालाही तो कळेल.

स्लॉट म्हणजे गल्ली

एखाद्या जरदोजीच्या कारखान्याची कल्पना करा. अड्ड्याभोवती कारागीर बसले आहेत. जरी, टिकल्या, मणी, रेशीम हे सर्व सामान कारखान्यातल्याच कपाटात आहे. हात लांबवला की मिळते. संपलेले किंवा कपाटात न मावलेले सामान मात्र पेठेतल्या गोदामातून, एका गल्लीतून हातगाडीने आणावे लागते. ग्राफिक्स कार्ड हा कारखाना आहे. कार्डावरची स्वतःची मेमरी हे कपाट, संगणकाची मुख्य रॅम हे गोदाम, आणि एक्स्पान्शन स्लॉट ही मधली गल्ली.

आता प्रश्न असा की गल्ली रुंद केल्याने कारागिरांचे हात जलद चालतील काय? कपाट भरलेले असेल तर मुळीच नाही. कपाट लहान असेल आणि दर पाच मिनिटांनी गोदामाकडे पोऱ्या धाडावा लागत असेल, तर मात्र गल्लीवरच सगळे अडून राहील. सगळा विषय एवढाच आहे. पुढे जे आकडे दिले आहेत ते याचाच हिशोब होय.

गल्ली किती रुंद झाली

जुन्या लोकांना आयएसए स्लॉट आठवत असेल. तो काळ्या रंगाचा, लांबलचक असे, आणि सेकंदाला काही एमबी माल नेता नेता थकून जाई. १९९२ मध्ये पीसीआय आला. त्याची क्षमता सेकंदाला १३३ एमबी, तीही सर्व कार्डांत वाटून घ्यावयाची. केवळ ग्राफिक्ससाठी वेगळी वाट असावी म्हणून इंटेलने एजीपी आणला. १९९७ पासून तो बाजारात दिसू लागला. पहिल्या एजीपीची क्षमता २६६ एमबी होती, आणि शेवटच्या आठपट एजीपीची सुमारे २१०० एमबी. हा २१०० चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, तो पुढे एका अनपेक्षित जागी भेटणार आहे.

२००४ पासून आजचा पीसीआय एक्सप्रेस आला. त्याची रचना वेगळी आहे. त्यात लेन असतात, म्हणजे गल्लीतल्या स्वतंत्र पट्ट्या. स्लॉट एक, चार, आठ किंवा सोळा लेनचा असतो आणि प्रत्येक लेनमधून एकाच वेळी जाता येते व येता येते. पहिल्या पिढीत एका लेनची क्षमता प्रत्येक दिशेने सेकंदाला २५० एमबी होती. २००७ च्या दुसऱ्या पिढीत ती ५०० झाली. २०१० च्या तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५, २०१७ च्या चौथ्या पिढीत सुमारे १९७०, आणि २०१९ च्या पाचव्या पिढीत सुमारे ३९४० एमबी. ही वर्षे नियम ठरल्याची आहेत, माल दुकानात त्यानंतर येतो. चौथी पिढी डेस्कटॉपवर २०१९ मध्ये रायझन ३००० सोबत आली, पाचवी २०२१ च्या अखेरीस इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत.

सोळा लेनचा हिशोब केला तर दुसऱ्या पिढीचा स्लॉट सेकंदाला ८ जीबी, तिसऱ्याचा पावणेसोळा, चौथ्याचा साडेएकतीस आणि पाचव्याचा सुमारे ६३ जीबी. दर पिढीला दुप्पट. यावरून असेही निघते की चौथ्या पिढीच्या चार लेन म्हणजे तिसऱ्या पिढीच्या आठ लेन, म्हणजेच दुसऱ्या पिढीच्या सोळा लेन. पिढी आणि लेन यांचा गुणाकार महत्त्वाचा, एकटी पिढी नव्हे. दुकानात बहुतेक वेळा पिढीच सांगितली जाते. लेन कोणी सांगत नाही, आणि खरी मेख तेथेच आहे.

कपाट आणि गल्ली यांची तुलना

जीफोर्स आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड घ्या. त्याची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी माल देते. तिसऱ्या पिढीचा पूर्ण स्लॉट पावणेसोळा जीबी देतो. म्हणजे कपाट गल्लीपेक्षा बावीस-तेवीसपट जवळ आहे. कार्ड बनविणाऱ्यांना हे ठाऊक असते, म्हणून काम सुरू होतानाच सर्व चित्रे, पोत, आकृत्या कार्डाच्या मेमरीत भरून ठेवल्या जातात. त्यानंतर प्रत्येक चित्रासाठी गल्लीतून जातात त्या केवळ सूचना. हे येथे काढ, ते तेथे सरकव. सूचनांचे ओझे ते किती?

यामुळेच मोठ्या कार्डांना जुना स्लॉट फारसा बाधत नाही. २०२२ च्या अखेरीस आलेले आरटीएक्स ४०९०, त्या वेळचे सर्वांत बलाढ्य कार्ड, चौथ्या पिढीऐवजी तिसऱ्या पिढीच्या सोळा लेनवर लावून तपासले गेले, तेव्हा खेळांतील सरासरी घट दोन-तीन टक्क्यांच्या आसपास निघाली. निम्मी गल्ली, आणि तोटा रुपयाला दोन-तीन पैसे! जो दुकानदार तिसऱ्या पिढीच्या चांगल्या बोर्डावर मधल्या किमतीचे सोळा लेनचे कार्ड लावण्यास नकार देतो, त्याला हा आकडा दाखवावा.

आणखी एक गंमत पाहा. स्वस्त कार्डाला जुना स्लॉट जास्त नडतो आणि महाग कार्डाला कमी, असे पुष्कळदा घडते. सामान्य समज याच्या उलट आहे. लोकांना वाटते की जितके तगडे कार्ड तितका रुंद रस्ता त्याला लागणार. पण तगड्या कार्डाचे कपाटच मोठे असते, त्याला गोदामाकडे जावेच लागत नाही.

एका कार्डाची कथा

जानेवारी २०२२ मध्ये एएमडीने रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड १९९ डॉलर किमतीला आणले. तो काळ कार्डांच्या टंचाईचा होता. क्रिप्टोच्या खाणकामासाठी लोक कार्डे उचलत होते आणि साधी कार्डेही दुप्पट भावाने जात होती. अशा वेळी नव्या पिढीचे स्वस्त कार्ड आले म्हणून पुष्कळांनी ते घेतले. खोक्यावर चौथ्या पिढीचा उल्लेख होता आणि तो खराच होता. कार्डाची खालची कडाही पूर्ण लांबीची, पाहणाऱ्याला सोळा लेनची वाटेल अशी. प्रत्यक्षात जोडणी चारच लेनची. मेमरीही फक्त ४ जीबी.

चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्याला सुमारे ७.९ जीबीची वाट मिळे आणि ते कसेबसे निभावून नेई. पण स्वस्त कार्ड कोण घेतो? ज्याचा बोर्ड जुना आहे तोच! तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ही वाट निम्मी, म्हणजे ३.९ जीबी झाली. आता दर सेकंदाला साठ चित्रे काढावयाची तर एका चित्रासाठी गल्लीतून जास्तीत जास्त ६५ एमबी माल येऊ शकतो. कार्डाची स्वतःची मेमरी मात्र त्याच वेळेत २४०० एमबी देऊ शकते. ४ जीबीचे कपाट भरून वाहू लागले की उरलेला माल या ६५ एमबीच्या फटीतून यावयाचा. तपासणाऱ्यांना कित्येक खेळांत दहा-वीस टक्क्यांची घट दिसली, आणि मेमरी ज्या ठिकाणी ओसंडते तेथे त्याहूनही पुष्कळ मोठी. चित्र अडखळू लागले. खेळातील पोताचा दर्जा कमी केला की तेच कार्ड पुन्हा सुरळीत चाले. म्हणजे दोष फक्त गल्लीचा नव्हता, लहान कपाट आणि अरुंद गल्ली एकत्र आल्याचा होता.

याचा पुरावा आधीच, डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या आरएक्स ५५०० एक्सटी या कार्डाने दिला होता. ते आठ लेनचे, आणि ४ जीबी व ८ जीबी अशा दोन प्रकारांत मिळे. चिप एकच, लेन तितक्याच. जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ४ जीबीचे कार्ड चांगलेच मागे पडले आणि ८ जीबीच्या कार्डाला फारसा फरक पडला नाही. चार जीबीच्या वाढीव मेमरीने जे साधले ते साधण्यासाठी दुसऱ्याने मदरबोर्ड बदलला असता!

आता तो २१०० चा आकडा. आमच्या पाहण्यात एक असा संगणक आला की ज्यात एच ८१ चिपसेटचा जुना बोर्ड होता आणि त्यावर हेच आरएक्स ६५०० एक्सटी बसविलेले होते. एच ८१ बोर्डावरचा ग्राफिक्स स्लॉट दुसऱ्या पिढीचा असतो. चार लेन गुणिले ५०० म्हणजे सेकंदाला २००० एमबी. २०२२ सालचे कार्ड आणि त्याला मिळालेली वाट वीस वर्षांपूर्वीच्या एजीपीपेक्षाही किंचित अरुंद. कार्ड घेणारा मिक्सिंगचे काम करणारा होता. दुकानदाराने त्याला "लेटेस्ट जनरेशन" एवढेच सांगितले होते आणि ते शब्दशः खोटे नव्हते. त्याहून वाईट म्हणजे या कार्डात व्हिडिओ एन्कोड करण्याची वेगळी यंत्रणाच नाही. एच २६४ किंवा एचईव्हीसी फाइल काढण्याचे काम ते करतच नाही, सारे प्रोसेसरवर पडते. ज्याला रोज दोन-तीन तासांचे निकाह आणि वलीम्याचे चित्रीकरण फाइल करून द्यावयाचे आहे, त्याच्या हाती नेमके तेच कार्ड पडले. स्लॉटचा दोष त्यापुढे लहानच म्हणावा लागेल.

माल झाकून विकणे

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ते कारण खरेही होते. तरीही भिजलेले धान्य वर, लोकांना दिसेल असे का ठेवले नाही, असा प्रश्न त्याला विचारला गेला. वर सुका आणि खाली ओला, असा ढीग आमच्या धंद्यात कसा दिसतो? खोक्यावर मोठ्या अक्षरांत पिढी, आणि लेनची संख्या कोठेच नाही, असा दिसतो. गिऱ्हाइकाने विचारले नाही म्हणून आम्ही बोललो नाही, ही सबब येथे टिकत नाही. गिऱ्हाइकाला लेन म्हणजे काय हेच ठाऊक नसते, तो विचारणार काय? फिक्हमध्ये ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. आमच्या मते, ज्या बोर्डावर कार्ड लागणार आहे तो बोर्ड माहीत असूनही ही गोष्ट न सांगणे त्याच्या फार जवळ जाते. बारीक मसला आपल्या ठिकाणच्या आलिमांना विचारावा.

उलट बाजूचीही फसवणूक आहे, आणि ती अधिक सर्रास चालते. गरज नसताना बोर्ड बदलावयास लावणे. तेथे ऐब नसलेल्या मालाला ऐब लावला जातो.

आपल्या कामाला गल्ली किती लागते

खेळ सोडून आपल्या धंद्यांकडे वळू. व्हिडिओवाल्यांचा हिशोब असा. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. एका ठिपक्याला चार बाइट धरले तर एक चित्र ३३ एमबीचे. सेकंदाला २५ चित्रे म्हणजे सुमारे ८३० एमबी. तिसऱ्या पिढीच्या सोळा लेनवर हे ओझे जाणवणारही नाही. रंगाचे बारीक काम करणारे सॉफ्टवेअर ठिपक्याला सोळा बाइट वापरते, तेव्हा तोच आकडा ३.३ जीबीवर जातो. तोही पावणेसोळात सहज मावतो. पण ३.९ जीबीच्या वाटेत तो जेमतेम बसतो आणि २ जीबीच्या वाटेत बसतच नाही. कॅमेऱ्याची फाइल कार्डावरच उलगडली जात असेल तर ओझे आणखी हलके. सेकंदाला १०० मेगाबिटची फाइल म्हणजे फक्त साडेबारा एमबी. थोडक्यात, मिक्सिंगवाल्याने कार्डाची मेमरी आणि एन्कोडरची सोय आधी पाहावी, लेन आठ किंवा सोळा असाव्यात, आणि पिढी तिसरी असली तरी बोर्ड बदलू नये.

थ्रीडी रेंडरिंगमध्ये देखावा एकदा कार्डात भरला की मिनिटेच्या मिनिटे आतच काम चालते. गल्ली रिकामी पडलेली असते. फर्निचरवाल्यांनी देखावा मेमरीत मावतो की नाही एवढेच पाहावे.

कोरलड्रॉ, पत्रिका, फ्लेक्स आणि नक्षी पंच करण्याच्या कामात मुळात ग्राफिक्स कार्डाचाच वाटा थोडा. तेथे प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांनी काम जलद होते. हार्ड डिस्कवर चालणाऱ्या संगणकाला एसएसडी लावून जो फरक दिसतो, तो दहा हजारांच्या कार्डाने दिसणार नाही.

खाणकामाचे उदाहरण तर बोलके आहे. इथेरियमचे खाणकाम करणारे एका बोर्डावर सहा-सहा, आठ-आठ कार्डे एकेका लेनच्या रायझरवर लटकवीत आणि कमाई तितकीच होई, कारण त्या कामात सारा माल कपाटातच असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत बंद केली आणि ती कार्डे लॅमिंग्टन रोडपासून नेहरू प्लेसपर्यंत जुन्या मालात उतरली. ती घेऊच नयेत असे नाही. पण पंखे, मेमरीची उष्णता आणि कार्ड उघडल्याच्या खुणा पाहून, आणि आपल्यासमोर अर्धा तास चालवून घ्यावीत.

नावात लपलेले कोपरे

काही ठिकाणी बोर्ड नवा असूनही वाट अरुंद निघते. जुळणी करणाऱ्या बांधवांनी ही स्थळे पाठ करावीत.

बी ५५० बोर्ड चौथ्या पिढीचा आहे, पण त्यावर रायझन ५ ५६००जी लावला की स्लॉट तिसऱ्या पिढीवर उतरतो, कारण ग्राफिक्सच्या लेन प्रोसेसरमधून येतात. रायझन ५ ५५०० चेही तेच. रायझन ८६००जी ग्राफिक्स कार्डाला आठ लेन देतो आणि ८५००जी तर चारच. आठव्या पिढीचा मोठा आकडा पाहून ८५००जी घेतला आणि त्यावर पुढे भारी कार्ड लावले, असे करू नये. इंटेलमध्ये दहाव्या पिढीचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचीच वाट देतो, अकराव्यापासून चौथी.

कार्डांतही असेच. आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०५० चे ८ जीबी कार्ड, आरटीएक्स ४०६० ही आठ लेनची आहेत. आरएक्स ६४०० चार लेनचे. जुने जीटी १०३० देखील चार लेनचे, परंतु ते इतके धिमे आहे की त्याला फरक पडत नाही. ८ जीबी मेमरीच्या आठ लेनच्या कार्डांना तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर साधारण कामात घट थोडीच दिसते. मात्र मेमरी भरली की ती वाढते. इंटेलच्या आर्क कार्डांची अट निराळी आहे. त्यांना बोर्डात रिसायझेबल बार नावाची सोय चालू असावी लागते, ती नसेल तर कामात बरीच घट होते. म्हणून जुन्या बोर्डवाल्याने आर्क घेण्यापूर्वी ही एक गोष्ट विचारलीच पाहिजे.

मोठ्या बोर्डांवर खाली दुसरा लांब स्लॉट असतो. तो लांबीने सोळाचा, आत चारच लेन, आणि त्याही चिपसेटमार्गे फिरून येणाऱ्या. कार्ड नेहमी प्रोसेसरच्या जवळच्या पहिल्या लांब स्लॉटमध्ये लावावे. केवळ पंख्याला हवा मिळावी म्हणून खालच्या स्लॉटमध्ये लावलेली कार्डे आम्ही पाहिली आहेत.

स्वतः तपासण्याची रीत

जीपीयू-झेड नावाचा लहानसा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात बस इंटरफेस अशी ओळ असते. तीत दोन भाग असतात. कार्ड काय करू शकते हा पहिला, आणि या घटकेला काय मिळत आहे हा दुसरा. येथे नवखे लोक घाबरतात, कारण रिकाम्या बसलेल्या कार्डाची पिढी वीज वाचविण्यासाठी पहिलीवर उतरलेली दिसते. ओळीशेजारचे प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करावी, म्हणजे कार्डावर भार पडतो आणि खरा आकडा वर येतो.

सोळा लेनचे कार्ड भाराखालीही आठ किंवा चार दाखवीत असेल तर बोर्डाला दोष देण्याआधी संगणक बंद करून, वीज काढून, कार्ड बाहेर घ्यावे. सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावर खटका बसेपर्यंत परत लावावी. यंत्रमागाच्या गावांत कापसाची धूळ आणि किनारपट्टीला खारी हवा, दोन्ही या पट्टीचे शत्रू आहेत. त्याने न सुधारल्यास बायोसमध्ये स्लॉटची पिढी कोणी बांधून ठेवली आहे काय ते पाहावे. शेजारच्या एम-टू खाचेत एसएसडी लावल्याने काही बोर्डांवर मुख्य स्लॉट सोळावरून आठवर येतो, ते बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. कार्ड रायझर वायरवर उभे लावले असेल आणि पडदा मधूनच काळा होत असेल, तर वायर जुन्या पिढीची असण्याचा संभव मोठा. बायोसमध्ये पिढी एकने उतरवून पाहावी, काम न बिघडता पडदा स्थिर होतो.

बनावट कार्ड ओळखण्यासही हाच प्रोग्राम उपयोगी पडतो. जुन्या चिपवर नव्याचे नाव चढविलेले असेल तर बहुतेक वेळा तो तसे स्पष्ट दाखवितो.

स्लॉटविषयी एक शेवटची बाब, वेगाची नव्हे पण विजेची. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यावरची वीज सहा पिनच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनच्या जोडणीतून १५० वॅट अशी एसएमपीएसकडून यावी लागते. बोर्ड बदलण्यासाठी साठविलेल्या पैशांतला थोडा भाग चांगल्या एसएमपीएसवर घातला तर तो वाया जाणार नाही.

ज्या मिक्सिंगवाल्याचा उल्लेख वर आला, त्याने ते कार्ड थोड्या तोट्याने विकले. घेणाऱ्याच्या बोर्डावर चौथी पिढी आहे याची आधी खात्री करून, आणि चार लेन व एन्कोडर नसल्याचे सांगून. स्वतःसाठी त्याने तिसऱ्या पिढीचा वापरलेला बोर्ड प्रोसेसर व रॅमसह घेतला आणि सोळा लेनचे १२ जीबी कार्ड लावले. एच ८१ चा जुना प्रोसेसर तसाही ४के फाइलींपुढे हात टेकीत होता, तेव्हा त्याच्या बाबतीत बोर्ड बदलणे रास्त ठरले, पण स्लॉटमुळे नव्हे. त्याच्या बिलावर आता कार्डाचे पूर्ण नाव, मेमरी, लेनची संख्या आणि परत करण्याची मुदत अशा चार गोष्टी लिहिलेल्या आहेत. दुकानदाराला ते लिहावयास दोन मिनिटे लागली.